रेकॉर्ड्सची मासिक वर्गणी: भरावी का?

निवांत:
मंडळी, सल्ला हवाय. टर्नटेबल घेऊन वर्ष झालं. रॅकवर साठेक एलपी जमल्यात, पण परवा त्या चाळताना एक गोष्ट खटकली. साठातल्या पन्नास तरी मला आधीपासून पाठ असलेल्या आहेत. फोनवर हजारदा ऐकलेलंच आता तबकडीवर घेतलंय. सुई टेकली की पुढे काय वाजणार, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात गिटार कुठे शिरणार, सगळं ठाऊक. आनंद होतो, नाही असं नाही, पण हे म्हणजे घरच्याच माणसांना पुन्हापुन्हा भेटणं झालं.

म्हणून दर महिन्याला एक रेकॉर्ड घरपोच पाठवणारे जे क्लब असतात, त्यातल्या एखाद्याची वर्गणी भरावी असा किडा डोक्यात वळवळतोय. तुमच्यापैकी कोणी भरलीय का? किती दिवस टिकली? आणि दुकानात उभं राहून स्वतः निवडण्यापेक्षा त्यात खरंच काही जास्तीचं मिळतं का? शिव्या द्यायच्या असतील तरी चालेल, फक्त अनुभवाच्या द्या.

सुईदोरा:
मी अडीच वर्षं भरतेय, त्यामुळे पहिली शिवी मलाच खावी लागणार दिसतंय. :)

आधी एक सांगते. 'क्लब' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या जाती नांदतात. काही क्लब अल्बमचे हक्क घेऊन फक्त सभासदांसाठी वेगळी आवृत्ती काढतात. वेगळा रंग, कधी वेगळं मास्टरिंग (तबकडी कापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात), सोबत वाचायला पुस्तिका. २०१३ साली अमेरिकेत सुरू झालेलं 'व्हाइनिल मी, प्लीज' हे यातलं गाजलेलं नाव. दुसरे तुमची आवड विचारतात, एखादी प्रश्नावली भरून घेतात किंवा तुम्ही फोनवर काय ऐकता ते बघतात, आणि बाजारात आहेत त्याच रेकॉर्ड्समधून निवडून खोकं भरतात. तिसरी म्हणजे थेट लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची वर्गणी, त्या लेबलचं जे निघेल ते तुमच्या दारात. तिघांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे 'क्लब चांगला की वाईट' या प्रश्नाला उत्तरच नाही.

मी पहिल्या जातीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात एकट्या डबल बासची रेकॉर्ड आली. अख्खी रेकॉर्ड, दोन्ही बाजू, एक माणूस आणि एक बास. खोकं उघडून मी म्हटलं, गेले या महिन्याचे पैसे. दुकानात मी तिला हातही लावला नसता. दोन आठवडे तशीच पडून होती. मग एका रात्री झोप येईना म्हणून लावली. गज तारेवर टेकायच्या आधी तो माणूस श्वास घेतो, तो ऐकू येतो. मग लाकूड करकरतं. मग सूर. पहिली बाजू संपली तेव्हा मी उठून तीच बाजू पुन्हा लावली, रेकॉर्ड उलटलीसुद्धा नाही.

आज ती माझ्या पहिल्या दहांत आहे. या एकीमुळे अडीच वर्षांची वर्गणी वसूल झाली असं म्हणणार नाही, कारण मध्ये दोन अशाही आल्या ज्या मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला खपवल्या. पण ती बासवाली मला दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळाली असती असं वाटत नाही.

जुनंतेसोनं:
वर्गणी म्हणजे दुसऱ्याच्या आवडीचं भाडं आपण भरायचं. तेवढ्याच पैशात जुन्या रेकॉर्ड्सच्या ढिगातून तीन-चार निघतात, बोटं काळी करायची तयारी हवी फक्त. नवीन ऐकायचंय ना? डोळे मिटून ढिगात हात घाला. तेच सरप्राइज, टपालखर्च शून्य.

खिक्:
सोनेराव, डोळे मिटून हात घातला की व्यायाम कसा करावा याच्या सूचनांची रेकॉर्ड निघते. दोनदा निघाली आहे. "आता गुडघे छातीशी घ्या" हे उत्तम स्टीरिओत.

जुनंतेसोनं:
मग घ्यावेत की गुडघे छातीशी. तब्येतीला बरं.

तबकडीवाला:
निवांत, क्लब कोणताही असो, 'या महिन्यात काय येणार' याआधी 'ते कशावरून कापलंय' हे विचारायची सवय लावून घ्या. जरा लांबण लावतो, पण पैसे यातच वाचतात.

रेकॉर्ड बनताना आधी लॅकर कापली जाते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ थर असतो, त्यात कापणारी सुई खोबण पाडत जाते. त्या लॅकरवर चांदीचा पातळ मुलामा देऊन निकेल चढवतात, तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो, त्याला फादर म्हणतात. फादरवरून मदर, मदरवरून स्टँपर, आणि स्टँपर प्रेसमध्ये बसवून पीव्हीसीच्या गोळ्यावर दाबायचा. एका स्टँपरवर साधारण हजारेक प्रती काढल्या की तो थकतो, बदलावा लागतो.

आता क्लब जेव्हा 'खास सभासदांसाठी' म्हणतो तेव्हा दोन शक्यता असतात. एकतर मूळ टेप मागवून, चांगल्या इंजिनिअरकडून नवी लॅकर कापून घेतलेली असते. असं असेल तर ऐटीत पैसे द्या. किंवा दुकानातल्या साध्या आवृत्तीचाच साचा वापरून काळ्याऐवजी नारिंगी प्लास्टिक ओतलेलं असतं. अशा वेळी तुम्ही रंगाचे पैसे देताय. आवडत असेल तर द्या, मला काही म्हणायचं नाही, फक्त माहीत असू द्या. ओळखायचं कसं? शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, तिथे कोरलेले आकडे-अक्षरं दिव्याखाली तिरकी धरून वाचा. डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर साध्या आवृत्तीच्या नोंदीत तेच कोरलेलं सापडलं, तर साचा एकच.

आणि त्या '१८० ग्रॅम'च्या शिक्क्याने हुरळू नका. नेहमीची एलपी साधारण १४० ग्रॅमची असते. जाड तबकडी हातात छान लागते, जरा ताठ राहते, पण खोबण तेवढीच आणि आवाजही तोच. उलट एका बाजूला किती मिनिटं कोंबलीत ते पाहा. वीसेक मिनिटांपर्यंत ठीक. अठ्ठावीस-तीस मिनिटं भरली की खोबणी एकमेकींना खेटवाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि पार्श्वभूमीची सरसर वर येते. क्लबची जाहिरात ग्रॅम सांगते, मिनिटं सांगत नाही.

सुईदोरा:
पट्ट्यावरचं वाचायची सवय मलाही आहे. मोबाइलचा टॉर्च, तिरका. बाकी सगळ्याशी सहमत, फक्त नारिंगीला नावं ठेवू नका.

फोनवरबरा:
एक भाबडा प्रश्न. नवीन ऐकायचं असेल तर फोनवर जगातलं सगळं संगीत आहेच की. मग प्लास्टिक कशाला?

निवांत:
@फोनवरबरा, तीच तर अडचण आहे. फोनवर नवीन काही लावलं की चाळीस सेकंदांत अंगठा पुढे सरकतो. तबकडी लावली की उठून बदलायचा कंटाळा येतो म्हणून वीस मिनिटं ऐकलं जातं. माझ्या आळसाचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडे कुठे होत नाही.

खरखर:
मी एक वर्ष भरली आणि सोडली. कारण ऐका.

पाचव्या महिन्याची रेकॉर्ड लावली. सुरुवातीला मंद पियानो. काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. सूर किंचित वर जातो, किंचित खाली येतो, पुन्हा वर. मला वाटलं पियानोच असा. मग टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे लक्ष गेलं. तो डावीकडे-उजवीकडे झोके घेत होता, पाळणा हलावा तसा. घड्याळ लावून पाहिलं. प्रत्येक झोक्याला १.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. तबकडीचा एक फेरा, सुराचा एक हेलकावा. मधलं भोकच मधोमध नव्हतं.

हिशेब सोपा आहे. भोक १ मिलिमीटर सरकलं असेल तर लेबलजवळच्या खोबणीत, जिथे त्रिज्या ६ सेंटिमीटरच्या आसपास असते, वेग पावणेदोन टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. एक अर्धस्वर म्हणजे जवळपास सहा टक्के. म्हणजे तिथे पियानोवाल्याचा प्रत्येक लांबवलेला सूर अर्ध्या अर्धस्वराहून जास्त डुलत होता. ढोल-गिटारच्या गोंगाटात हे खपून जातं, मंद पियानोत दात दुखतात.

क्लबला लिहिलं (नाव घेत नाही). त्यांनी अदबीने दुसरी प्रत पाठवली. तिचंही भोक तसंच, कारण लॉट तोच. पुन्हा लिहिलं तर म्हणाले, आवृत्ती संपली, पुढच्या महिन्यात सवलत देतो. मला सवलत नको होती हो, मला भोक हवं होतं.

खिक्:
"मला भोक हवं होतं" हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे. हसून हसून पुरेवाट.

तबकडीवाला:
खरखर, दुखणं खरं आहे आणि ते क्लबपुरतं नाही, दुकानातल्या रेकॉर्डलाही होतं. फरक एवढाच की दुकानात दहा प्रती असतात, बदलून मिळते. क्लब मोजूनच प्रती काढतो. त्यामुळे वर्गणी भरण्याआधी परतीचा नियम वाचा: सदोष प्रतीला बदली मिळते की पैसे, किती दिवसांत कळवायचं, परतीचं टपाल कोणी भरायचं. 'किती दिवसांत' महत्त्वाचं, कारण लोक खोकं उघडतात, फोटो काढतात आणि रेकॉर्ड लावतात तीन महिन्यांनी.

खरखर:
मी आता आली की त्याच संध्याकाळी लावतो. पहिल्यांदा गाणं ऐकतच नाही, टोनआर्म बघत बसतो. बायको विचारते काय ऐकतोयस, मी म्हणतो काही नाही, बघतोय.

मोरपंखी:
पॅकिंगचंही विचारून घ्या. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवली की खोकं आपटल्यावर तबकडीची कड कव्हरची शिवण आतून फाडते. शहाणे क्लब आतल्या पिशवीसकट तबकडी बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवतात. माझ्याकडे ओळीने चार फाटक्या शिवणी आल्या, मग मी एक ओळ लिहिली, "कृपया तबकडी बाहेर ठेवून पाठवा". पाचव्या महिन्यापासून बरोबर यायला लागली. मागितल्याशिवाय का नाही, ते त्यांनाच ठाऊक.

आणि उन्हात तापलेल्या गाडीत खोकं विसरू नका. पीव्हीसी उष्णतेने मऊ होतं, आपल्याच वजनाने वाकतं. मग तबकडीची पुरी होते.

जुनंतेसोनं:
एवढं सगळं बघायचं, विचारायचं, लिहायचं, तर मग दुकानात जाऊन बघून का घेऊ नये? मी कधीपासून हेच म्हणतोय.

अडगळ:
धागा छान चाललाय. थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

ही कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेत महिन्याला एक पुस्तक पाठवणारा क्लब १९२६ पासून होता. त्याच वाटेने १९५५ साली कोलंबिया कंपनीने टपालाने रेकॉर्ड्स विकणारा क्लब काढला. मेख अशी होती की महिन्याची निवड कळवणारं पत्र यायचं, आणि 'नको' असं तुम्ही मुदतीत कळवलं नाही तर रेकॉर्ड आणि बिल दोन्ही दारात. म्हणजे तुमचं मौन हीच संमती. अशी पत्रं ढिगाखाली जातात यावरच धंदा उभा होता. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. नको असेल तर तसं कळवायला सभासदाला किमान दहा दिवस मिळाले पाहिजेत, वगैरे.

आजचे क्लब कार्डावरून पैसे आपोआप कापतात आणि 'अमुक तारखेपर्यंत बदला, नाहीतर हीच येईल' म्हणतात. पत्राच्या जागी ईमेल आलंय, बाकी तेच. तेव्हा वर्गणी भरल्याभरल्या ती तारीख फोनच्या कॅलेंडरात टाकणे. मी टाकली नव्हती. माझ्याकडे एक मिश्र ड्रम-सोलोंचा संच आहे, कोणाला हवा असल्यास कळवणे.

लेबलच्या वर्गणीचा एक मासला सांगून थांबतो. सिॲटलच्या सब पॉप या छोट्या लेबलने १९८८च्या नोव्हेंबरात 'सिंगल्स क्लब' सुरू केला. पहिल्या महिन्याची सात इंची तबकडी होती 'लव्ह बझ', हाताने क्रमांक घातलेल्या हजार प्रती. बँड नवखा, त्यांची ही पहिलीच रेकॉर्ड. नाव निर्वाणा, पुढे जगभर गाजलेला. वर्गणीदारांना काय माहीत आपण काय धरून बसलोय!

खिक्:
त्यातल्या किती जणांनी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला खपवली असेल?

सुईदोरा:
:) वाचलं हं.

गुंतवणूकदार:
अडगळ यांनी योग्य मुद्दा काढला. मर्यादित आवृत्त्यांची किंमत वाढतेच. सीलबंद ठेवा, पाच वर्षांनी विका, वर्गणी फुकटात पडते.

तबकडीवाला:
'वाढतेच' नाही हो. हजारातल्या एका बँडचं तसं होतं, बाकी ९९९ तशाच राहतात. क्लबच्या रेकॉर्डचा भाव पहिल्या महिन्यात चढतो, कारण ज्यांची हुकली ते हळहळत असतात. वर्षभराने त्याच अल्बमची साधी आवृत्ती बाजारात आली की उतरतो. शिवाय सीलबंद म्हणजे आत भोक कुठे आहे ते कोणी पाहिलेलं नाही. :)

आणि 'खास' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये याचं मोठं उदाहरण २०२२चं आहे. मोबाइल फिडेलिटी हे शौकिनांत मानाचं नाव. त्यांच्या महागड्या आवृत्त्या मूळ टेपवरून थेट, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा नाही, अशा समजुतीने लोक घेत होते. त्या वर्षी उघड झालं की कित्येकींमध्ये मध्ये डिजिटल टप्पा होता. प्रकरण कोर्टात गेलं. गंमत म्हणजे तोवर त्याच रेकॉर्ड्सच्या 'शुद्ध ॲनालॉग' आवाजाचं कौतुक करताना जाणकार थकत नव्हते. मी पण त्यात होतो, कबूल करतो. त्या रेकॉर्ड्स आजही चांगल्याच वाजतात. पण कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही ते तेव्हापासून दोनदा वाचतो.

गुंतवणूकदार:
(प्रतिसाद काढून टाकला आहे)

पल्लेदार:
कोणी जागेबद्दल बोललंच नाही अजून. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलो धरा. शंभर म्हणजे पंचवीस किलो. वर्गणी म्हणजे वर्षाला तीन किलो घरात शिरणार, आणि बाहेर काही जात नाही. रॅकची फळी मध्ये वाकायला लागली की कळतं. उभ्याच ठेवा, तिरक्या नको, एकावर एक तर नकोच नको.

उशीराने:
दोन वर्षांपूर्वी माझ्या क्लबची एक रेकॉर्ड सात महिने उशिरा आली. तोवर मी पत्ता बदलला होता. असं सगळीकडेच होतं का?

तबकडीवाला:
व्हायचं बऱ्याच ठिकाणी. कारण मागणी फुगली आणि कारखाने मोजके. अमेरिकेत २०२२ साली १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा एलपी जास्त खपल्या. त्याआधी २०२०च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बॅनिंग गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. जगात लॅकरच्या चकत्या बनवणारे दोनच, त्यातला हा एक. दुसरा जपानात. एकच गिरणी उरली की पीठ उशिरा मिळणारच. पुढे सगळ्यांनीच दळण वाढवलं. तरीही 'बारा महिन्यांत बारा' असं लिहिलेलं असलं तर उशीर झाल्यावर काय देणार, ते विचारा.

हिशेबनीस:
इतके दिवस वाचत होतो, आता लिहितोच. मला आकड्यांचं वेड आहे. प्रत्येक रेकॉर्डच्या आतल्या कागदी पिशवीच्या कोपऱ्यात मी शिसपेन्सिलीने एक बारीक रेघ मारतो, दर वेळी ऐकली की एक. पाच झाल्या की आडवी काट. घरात या प्रकाराची यथेच्छ टिंगल होते.

दोन वर्षं क्लबात होतो. चोवीस रेकॉर्ड्स आल्या. सोडताना रेघा मोजल्या. सहांवर दहाच्या वर. नवांवर दोन ते चार. सातांवर एकच. दोन अजून सीलबंद. हे बघून मी म्हटलं, फसलो. चोवीसांत सहा, म्हणजे चारांतली एक. बाकी रद्दी.

मग सहज म्हणून त्याच दोन वर्षांत स्वतः, हौसेने, निवडून घेतलेल्या रेकॉर्ड्स मोजल्या. एकतीस होत्या. दहाच्या वर रेघा किती? पाच. एकच रेघ असलेल्या चौदा. चौदा! त्या मी घेतल्या, एकदा लावल्या, 'हो, असंच आहे ते' म्हटलं आणि ठेवून दिल्या. निवांत, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय ते हेच. माहीत असलेलं घेतलं की ऐकायची निकड राहत नाही. अनोळखी रेकॉर्डला निदान 'बघू तर' म्हणून दुसरी संधी मिळते.

मग क्लब का सोडला? वाईट रेकॉर्ड्समुळे नाही. महिन्याला एक हा वेग मला झेपेना. मला एका रेकॉर्डशी ओळख व्हायला चार-पाचदा ऐकावी लागते, आणि तशी फुरसत आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी. ओळख होते ना होते तोच दारात पुढचं खोकं. सातव्या महिन्यानंतर मी खोकी उघडायचा कंटाळा करायला लागलो. त्या दोन सीलबंद तिथल्याच.

सुईदोरा:
हिशेबनीस, तुमची पोस्ट वाचून मी उठले आणि माझ्या रॅकसमोर उभी राहिले. रेघा नाहीत माझ्याकडे, पण प्लास्टिक न फोडलेल्या चार आहेत. अडीच वर्षांत चार. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जुनंतेसोनं:
रेघांचं सोडा, मी माझ्या ढिगातल्या रेकॉर्ड्स तरी कुठे ऐकल्यात सगळ्या. गेल्या खेपेला आणलेल्या अकरांतल्या सात अजून धुवायच्या राहिल्यात. पण त्या स्वस्तात पडल्या असं म्हणून मी झोपतो.

तबकडीवाला:
पहिल्यांदाच सोनेरावांकडून असं काही ऐकतोय. वाचनखूण ठेवली.

निवांत:
सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. हिशेबनीसांचा वेगाचा मुद्दा डोक्यात बसला. मी रॅकवरच्या साठांकडे बघून अंदाज केला, गेल्या वर्षात चारच्या वर वेळा ऐकलेल्या बारा-तेरा असतील. म्हणजे माझी ओळख महिन्याला एकीशी होते, तीही सगळं जुळून आलं तर.

मग महिन्याऐवजी तीन महिन्यांनी एक पाठवणारं काही आहे का? आणि आपोआप नूतनीकरण न होणारं?

अडगळ:
आहे. थर्ड मॅन रेकॉर्ड्स हे लेबल २००९ पासून तिमाही वर्गणी चालवतंय. बाकी लहान लेबलांनाही विचारा, वर्षाला चार-सहा काढणारे वर्षाची एकरकमी वर्गणी घेतात, आणि कार्ड त्यांच्याकडे ठेवावं लागत नाही. मासिकवाल्यांतही 'भेट' म्हणून तीन महिन्यांची वर्गणी विकत घेता येते, ती मुदत संपली की संपते. स्वतःलाच भेट द्या. लबाडी आहे, पण चालते.

सुईदोरा:
हे माहीत नव्हतं. अडीच वर्षं माहीत नव्हतं.

मोरपंखी:
लेबल निवडताना त्यांच्या जुन्या आठ-दहा रेकॉर्ड्स फोनवर ऐकून बघा. दोन आवडल्या, दोन अजिबात नाही आवडल्या आणि बाकीच्यांबद्दल काही ठरवता आलं नाही, तर ते लेबल घ्या. सगळ्याच आवडल्या तर तुमचं काम दुकानातच होईल.

निवांत:
(पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय)

स्वतःलाच भेट दिली, तीन महिन्यांची. दरम्यान दुकानातून काही घ्यायचं नाही, अशी शपथ. एकदा मोडली, मोजत नाही.

पहिलं खोकं काल आलं. तबकडी बाहेर ठेवलेली होती, न सांगता. शिवण धड. कव्हरवर एका बाईचा पाठमोरा फोटो, नाव मला माहीत नाही, भाषा मला कळत नाही. संध्याकाळी लावली. पहिल्या बाजूचं काही कळलं नाही. दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरं, नुसता आवाज आणि मागे हार्मोनियमसारखं काहीतरी एकच सूर धरून बसलेलं. ते संपल्यावर मी थोडा वेळ तसाच बसून होतो, सुई शेवटच्या खोबणीत टक्-टक् करत राहिली.

पिशवीच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक रेघ मारली आहे. आज सकाळी दुसरी.

खरखर:
भोक मधोमध आहे का?

निवांत:
बघितलं नाही.

खरखर:
बघा.

निवांत:
बघितलं. आर्म किंचित डुलतोय. मला ऐकताना कळलं नव्हतं.

खरखर:
आता कळेल.

निवांत:
सांगितलं नसतंत तर चाललं असतं हो.